पाण्यावरची बाज

तात्या,

तुम्ही गेलात त्याला आज अडतीस दिवस झाले. कॅलेंडरवर खुणा केल्या आहेत, म्हणून आकडा खात्रीचा आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काय फूटपट्टी, गेल्यालं मानूसबी मापाय लागला व्हय?"

आज रविवार. गेल्या आठ वर्षांत फेब्रुवारीतला रविवार भूगावच्या घरात बसून काढल्याचं मला आठवत नाही. सुनीतानं सकाळी दोनदा विचारलं, "आज मुळशीला जायचं नाही का?" मी म्हणालो, "आज तिसरा दिवस आहे." तिला कळलं. तुम्हालाही कळलं असतं. बाजेवर अंडी आली की पाच दिवस तिकडं फिरकायचं नाही, हा नियम तुमचाच. तो मी एकदा मोडला होता. त्याबद्दल तुमच्याशी बोलायचं राहून गेलं, आणि आज हात रिकामे आहेत.

तुमचा जन्म कधीचा, शाळा किती झाली, हे मी लिहीत नाही. जन्मसाल तुम्हालाच ठाऊक नव्हतं आणि शाळा तुम्ही दर वेळी वेगळी सांगायचा. एकदा दुसरी, एकदा चौथी, आणि काकी समोर असल्या की "शाळंच्या वाटंनं शेळ्या न्हेल्या तेवढीच". मला ठाऊक आहे ते तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तिथपासूनचं.

२००१ सालचा फेब्रुवारी. उदगीर सोडून पुण्याकडं येऊन मला दोन वर्षं झाली होती. पिरंगुटच्या कारखान्यात मापं तपासण्याचं काम, भूगावात नवा फ्लॅट, आणि आंबेमोहोर थेट शेतकऱ्याकडून घ्यायचा ही सुनीताची हौस. कुणीतरी तुमचं घर सांगितलं. स्कूटर लावून आम्ही अंगणात आलो तर काकी एकट्याच भांडत होत्या. समोर ऐकायला फक्त शेळ्या.

"ढेकनं मरत्याल म्हनून बाज पान्यात टाकली," त्या आम्हाला बघून म्हणाल्या, "तर आता ह्यो म्हनतुया, बाज द्यायची न्हाई. चार दिस झालं, भुईवं निजतोय आमी. म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलंय. तांदूळ हाय, पर माप कोन करनार? त्यो तितं पान्यात बसलाय."

घराखाली, धरणाच्या पाण्यात तुम्ही गुडघाभर उभे होता. शेजारी काथ्यानं विणलेली जुनी बाज, चारी पाय वर. मी जवळ यायला लागलो तसं तुम्ही ओरडलात, "हात लावू नगा! बाळतीन हाय."

मला वाटलं, काकी म्हणतात ते खरं. मग तुम्ही मला वाकून बघायला लावलंत. काथ्याच्या प्रत्येक पिळावर पिवळसर, काचेसारखे मोहरीएवढे दाणे चिकटलेले होते. शिप्रनीची अंडी, तुम्ही म्हणालात. मत्स्यखात्याच्या कागदावर ज्या माशाला सायप्रिनस म्हणतात, तो हा मासा, हे मला पुढं कळलं.

तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. माझा हात धरून काठाकाठानं पन्नास पावलं चालवलंत. पाणी उतरून उघड्या पडलेल्या एका बांधाशी थांबून म्हणालात, "हे माझ्या आज्याचं खाचर. आठ म्हैने पान्यात असतंय, मग वर येतंय." बांधावरच्या गवताला तसेच दाणे होते. पण पांढरे पडलेले, कोरडे. तुम्ही बोटानं चोळलंत तशी त्यांची भुकटी झाली.

"शिप्रन गवताला अंडी लावून जाती. पिलू फुटाय चार दिस लागत्यात. आन् पानी रोज चार बोटं उतरतंय. तिला काय ठावं, पानी कुटं चाललंय? विजंला पानी जायाचंच, त्येला कोन काय म्हननार. पर ही अशी वाळून जात्यात, दरसाल."

"मग बाजेवरची का नाही वाळली?"

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, की शहरातली माणसं खरंच इतकी मंद असतात का. "रोज सकाळी मी बाज चार बोटं फुडं ढकलतोय न्हवं?"

तात्या, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ कामसू माणसं पाहिली. पण ढेकणांची बाज रोज चार बोटं खोल पाण्यात ढकलणारा, त्यासाठी बायकोच्या शिव्या खाणारा माणूस एकच. माझ्या खिशात तेव्हा स्टीलचा टेप असायचाच. मी काठीवर खूण करून दुसऱ्या रविवारी पुन्हा आलो आणि तुमची चार बोटं मोजली. सात दिवसांत एकोणतीस बोटं. तुमचा अंदाज एका बोटानं चुकला होता. ते मी तुम्हाला सांगितलं, आणि त्या दिवसापासून माझं नाव फूटपट्टी पडलं.

त्याच दिवशी मी म्हणालो होतो, "ढकलत कशाला बसता? तरंगतीच ठेवा. पाणी उतरेल तशी आपोआप उतरेल." तुम्ही तंबाखू मळलीत, खाल्लीत, थुंकलात, आणि मग म्हणालात, "ह्ये बरं हाय."

पहिल्या वर्षी आपण तीन केल्या. बांबूची चौकट, तिला खाली लोंबणारा काथ्या, वीतभर, म्हणजे बारा बोटं लांब. दोन बाजूंना दोन सोट चिखलात रोवलेले, आणि चौकटीला बांधलेली बांबूच्या पट्टीची दोन सैल कडी त्या सोटांत ओवलेली, म्हणजे बाज वाऱ्यानं वाहून जाणार नाही आणि पाण्याबरोबर वरखाली होईल. तरंगायची कल्पना माझी, पण कडं तुमचं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचं सगळं त्या कड्यावर आलं.

दुसऱ्या वर्षी तुम्ही काथ्याबरोबर जांभळीचे डहाळेही बांधलेत आणि रात्रभर अंगणात ठेवलेत. सकाळी शेळ्यांनी सगळ्या बाजा सोलून ठेवल्या होत्या. काकी हसून हसून खाली बसल्या. "माशाच्या बाळतीनीचा डिंकाचा लाडू माज्या शेरडांनी खाल्ला," म्हणाल्या.

बाज हा शब्द तसाच राहिला. आणि बाज म्हटल्यावर पुढचं सगळं ओघानंच आलं. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्यानं डोकवायचं नाही, पाचवी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही एकटे जाणार, काकी काठावरच्या दगडाला हळदीकुंकू लावणार, आणि मग बाकीच्यांनी जायचं. तोवर पिलं काथ्यातून सुटलेली असत. मला त्यात शास्त्र दिसायचं, अंडी हलवली की मरतात हे मी वाचलं होतं. तुम्हाला शास्त्राची गरज नव्हती.

आपली भांडणं मात्र थांबली नाहीत. मला अंडी मोजायची होती. एका बोटाच्या काथ्यावर किती, गुणिले बारा, गुणिले धागे. तुम्ही म्हणायचा, "पाळन्यात हात घालून कोन मोजतंय व्हय?" मी म्हणायचो, आकडा असल्याशिवाय उपयोग होतो की नाही ते कळणार कसं? यावर तुमचं ठरलेलं उत्तर होतं. "मासा वाढला का न्हाई, मला न्हाई ठावं. पर वाळला न्हाई, येवढं ठावं हाय."

एकदा मी कुठंतरी वाचून आलो होतो की शिप्रन हा आपल्याकडचा मासा नव्हे, बाहेरून आणून सोडलेला आहे, आणि आपण उगाच परक्याची सोय करतो आहोत. तुम्ही जाळं विणत होता. मान वर न करता म्हणालात, "तुमी कुटलं?"

"उदगीरकडचा."

"मंग? तुमीबी बाहीरचं, तीबी बाहीरची. ऱ्हावू द्या की दोघास्नी."

या वादात मी हरलो, असं अजूनही मला पूर्ण पटलेलं नाही. पण त्या दिवशी घरी परतताना पिरंगुटपर्यंत मी हसत होतो.

आता त्या वर्षाकडं येतो.

२००६ पर्यंत तुम्ही, तुमचं घर धरून, वाडीतली अकरा घरं गोळा केली होती. प्रत्येक घराच्या तीन बाजा, एकूण तेहेतीस. प्रत्येकानं कबूल केलं होतं की बाजा सोडायच्या तिथं, खाचरांवरच्या आतल्या उथळ पाण्यात फेब्रुवारीभर जाळं टाकायचं नाही. ज्यांचं रोजचं कालवण जाळ्यावर, त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती. तुमचा चुलतभाऊ किसन सगळ्यांत शेवटी तयार झाला. "तात्या म्हनतोय म्हनून," तो म्हणाला. म्हणजे तो महिना तुमच्या शब्दावर उभा होता. मला हे माहीत होतं. मी तिथं बसून चहा प्यायलो होतो.

त्या शनिवारी पहाटे शिप्रनी आल्या. उजाडेपर्यंत पाणी नुसतं उकळत होतं, म्हणालात तुम्ही. मी पोचलो तेव्हा सगळ्या बाजांवर दाणे होते. "आज पयला दिस," तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "बुधवारी पाचवी. तवर कुनी हिकडं यायचं न्हाई." माणसं पांगली. तुम्ही शेळ्या घेऊन वर गेलात. मी म्हणालो, काठावर बसून नकाशा काढतो आणि जातो.

प्रत्येक बाजेला मी पत्र्याचा नंबर लावला होता. कुठल्या बाजेवर अंडी जास्त, खोल पाण्यातल्या की उथळ, ते मला त्या वर्षी एकदा नक्की करायचं होतं. वारा सुटला होता. सैल कड्यांमुळं बाजा तिरक्या होत होत्या, फिरत होत्या, नंबर काठावरून दिसत नव्हते. माझ्या पिशवीत कारखान्यातली पांढरी नायलॉनची दोरी होती, तुकडे कापून तयार. सुटे भाग एकत्र बांधून त्यांना चिठ्ठी लावायला ती आम्ही वापरतो. मी पाण्यात उतरलो आणि बाजा सरळ करून कडी सोटांना आवळून बांधली. दुपारी एक ते साडेचार. तेहेतीस बाजा, सहासष्ट गाठी. मनात हिशेब केला होता, उद्यापर्यंत पाणी चार बोटं उतरेल, काथ्या बारा बोटांचा आहे, काही बिघडत नाही. आता तिरप्या उन्हानं पाणी चमकत होतं, म्हणून उद्या सकाळी काठावरून नंबर टिपायचे आणि सोडून टाकायचं.

घरी पोचलो तर उदगीरहून निरोप आला होता. आई अंगणात घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. संध्याकाळच्या गाडीनं निघालो.

रविवारी दुपारी मी दवाखान्यासमोरच्या एक रुपयाच्या फोनपाशी उभा होतो. वाडीतल्या दुकानाचा नंबर मला पाठ होता. दुकानदारानं हाक मारली असती, तुम्ही आला असता. एवढंच सांगायचं होतं की दोऱ्या कापून टाका. पण ते सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार होतं, की पहिल्याच दिवशी, तुमची पाठ वळल्यावर, मी बाजेला हात लावला. रुपया घातला. तीन आकडे फिरवले. फोन ठेवून दिला. माझ्यामागं रांगेत कुणीही नव्हतं.

त्या वेळी आठ बोटं काथ्या अजून पाण्यात होता, तात्या. सोमवारी चार. मंगळवारी काही नाही. आईच्या खाटेशी बसून मी हे रोज मोजत होतो, आणि रोज फोन करायला आता उशीर झाला असं ठरवत होतो. आणि तुमच्या नियमामुळं तिकडं कुणीही जाणार नव्हतं. बुधवारी सकाळी तुम्हीच पहिले जाणार होता.

पुढच्या शनिवारी मी आलो. तेहेतीसही बाजा काठावर ओढलेल्या होत्या, काथ्या वाळून पांढरा. किसन मोठ्यानं बोलत होता. "कडी फुगली आन् सोटाला बसली घट्ट! तात्याची कडी! आन् आमी हितं म्हैनाभर कालवनाला कोरड्या मिरच्या खातोय." तुम्ही बांधावर बसून होता. म्हणालात, "आसंल. अडाकली आसतील."

बाजांवर माझी एकही दोरी नव्हती. मी एकेक चौकट बघितली. नव्हती. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि विचारलंत, "आई कशी हाय?"

मी सांगितलं, बरी आहे.

घरी येऊन वहीत नोंद केली: 'कडी फुगून अडकल्यामुळे सर्व अंडी वाळली.' मी कारखान्यात केसाच्या जाडीचा दहावा भाग चुकला तरी माल परत पाठवतो. तोच मी मनाला समजावत राहिलो की आवळून मारलेल्या सहासष्टच्या सहासष्ट गाठी पाण्यात आपोआप सुटल्या असतील.

पुढच्या वर्षी एकही घर आलं नाही. त्या आतल्या पाण्यात फेब्रुवारीत जाळी पडली. तुम्ही घराखालच्या कोपऱ्यात पाच बाजा सोडल्यात, तुमच्या स्वतःच्या. त्याच कड्यांच्या. लोक जाता-येता विचारायचे, "काय तात्या, कड्याला तेल दिलंय का?" तुम्ही हसायचा. मी दर रविवारी यायचो, सोट रोवायला मदत करायचो, काकींच्या हातची भाकरी खायचो आणि दर रविवारी ठरवायचो की आज सांगू. एकदा तुम्ही स्वतःच विषय काढलात, असं आता वाटतं. तुम्ही नवं कडं तासत होता. माझ्या हातात देऊन म्हणालात, "बघा बरं, ह्ये फुगून अडाकंल का?" मी टेपनं मोजलं आणि म्हणालो, "नाही, भरपूर सैल आहे." "मंग त्या साली का अडाकलं आसंल?" मी म्हणालो, "चहा गार होतोय."

तुम्ही चहा प्यायलात.

पौषात, शेळ्या सोडता सोडता तुम्ही गोठ्यापाशी बसलात ते बसलातच. तेराव्याला मी आलो होतो. तुमच्याबद्दल सगळेच चांगलं बोलले, किसनसुद्धा. मी पंगतीत वाढत राहिलो.

मग काकींनी निरोप पाठवला, "पाच बाजा हायेत, सोडायच्या का ठिवायच्या?" मी गेलो. अंगणात किसन आणि चार-पाच जण बसले होते. किसनच्या मनात काही वाईट नव्हतं. तो म्हणत होता, "सोडू की. म्हाताऱ्याची हौस व्हती. फकस्त ती कडी काडून टाकू. दगाड बांधून सोडू. कड्याचं खूळ त्याच्यासंगं गेलं."

त्यानं एक बाज आडवी केली आणि कड्यावर कोयता ठेवला.

तेव्हा मी बोललो. उभं राहून, सगळ्यांसमोर, शनिवारपासून शनिवारपर्यंत. नंबर, वारा, दोरी, एक ते साडेचार, फोन. माझा आवाज कसा होता कोण जाणे.

किसननं कोयता खाली ठेवला. "किती गाठी मारल्या म्हनला?"

"सहासष्ट."

"मोजल्या व्हत्या व्हय?"

"होय."

"मंग तीन वर्सं त्वांड कशानं शिवलं व्हतं?"

तो उठला. "आमी म्हाताऱ्याला काय काय बोललो. हितं, ह्या अंगनात. आन् तुमी बाजूला बसून भाकरी खात व्हता." एवढं बोलून तो गेला. बाकीचेही गेले.

काकी घरात गेल्या आणि एक कापडी पिशवी घेऊन आल्या. माझ्यासमोर ओतली. पांढऱ्या दोऱ्यांचे तुकडे, प्रत्येकाला माझी गाठ तशीच, शेजारी सुरीनं कापलेलं.

"पाचवीच्या दिशी ह्येंनी पान्यातनं आनल्या. कुनी याच्या आदी. मला म्हनले, ही गाठ आपल्यातली न्हाई. म्या म्हनलं, मंग सांगा की समद्यास्नी. तर म्हनले, न्हाई, त्योच सांगंल. मोजनारा मानूस हाय, चुकलेलं माप खिशात घालून ऱ्हानार न्हाई."

मी दोऱ्या मोजल्या. काय करणार, तात्या. एकसष्ट भरल्या. मी वर बघितलं तर काकींनी शेळ्यांकडं बोट केलं. पाच शेळ्यांच्या गळ्यातली घंटा पांढऱ्या दोरीला होती. तीन वर्षं मी त्या शेळ्यांना चारा घालत होतो.

एवढे दिवस मला भीती होती की तुम्हाला कळलं असेल आणि तुम्ही रागावला असाल. रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही वाट बघत होता. शेळ्यांच्या गळ्यात दोरी बांधून, हातात कडं देऊन, चहा गार करून वाट बघत होता, आणि गावाचं बोलणं आपल्या अंगावर घेत होता. काकींना विचारलं, तुम्ही कधी मला नावं ठेवलीत का? म्हणाल्या, "एकदाच. म्हनले, फूटपट्टीला येक गोष्ट मापता येईना झालीय."

तुमचे उपकार मानावेत तर ते फार उशिराचे होतात आणि माफी मागावी तर ऐकायला तुम्ही नाही. मी त्या रात्री वहीतली ती ओळ खोडली नाही. खोडलेलं दिसेनासं होतं. तिच्याखाली खरं काय ते लिहिलं, सही केली, तारीख घातली.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. काठावर नव्या चौकटी रचलेल्या होत्या. चार घरांच्या तीन-तीन, आणि तुमच्या पाच. सतरा. सहा घरं आली नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. किसन आला होता. बांबूच्या पट्ट्या तासून त्यानं चौतीस कडी केली होती, तुमच्याच मापाची, आणि शेवटचं कडं माझ्या हातात दिलं. मी ते सोटात ओवलं. मग तो एवढंच म्हणाला, "दोरी आनली न्हाई न्हवं?"

मी खिसे उलटे करून दाखवले. टेपसुद्धा काढून काकींकडं दिला.

परवा शुक्रवारी पहाटे शिप्रनी आल्या. परवा पहिला दिवस, आज तिसरा. मंगळवारी सकाळी किसन जाईल, काकी दगडाला हळदीकुंकू लावतील, मग मी जाईन. यंदा बाजांना नंबर नाहीत. वारा असेल तर त्या तिरक्या होतील, फिरतील, आणि काठावरून काहीही दिसणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी निघण्याआधी मी पाण्यात उतरून प्रत्येक कडं हातानं वर-खाली करून बघितलं. चौतीस. सगळी हलतात, तात्या.